आमचीही घागर भरा

चेन्नईबाहेर सिरुसेरीला जाणारी आमच्या कंपनीची बस टोलनाक्यापाशी खोळंबली होती, तेव्हा जयंतीचा फोन आला. "अक्का गेली डी," ती म्हणाली. डी म्हणजे आपलं 'गं'. चेन्नईत वाढलेल्या मुली मराठी बोलतानाही एकमेकींना डीच लावतात. मी विचारलं, "कधी?" ती म्हणाली, "पहाटे. झोपेतच. काही त्रास नाही झाला." बसमध्ये सगळे कानात वायरी घालून आपापली गाणी ऐकत बसले होते. मला रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. खरं सांगायचं तर पहिला विचार मनात आला तो हा, की आता त्यांना विचारायचं राहूनच गेलं.

जयंती अक्कांची नात, म्हणजे त्यांच्या बहिणीची नात. तिच्या घरच्यांनीच मला हे लिहायला सांगितलं. त्यांचं घराणं तंजावरचं, मराठी बोलतात पण नागरी लिपी वाचणारं घरात आता कुणी उरलेलं नाही. "तू शिकलेली आहेस, मराठी लिहितेस, आमच्या अक्काबद्दल गोड काहीतरी लिही," असं तिची आई म्हणाली. शिकलेली आहे हे खरं. आमच्या घराण्यात पदवीचा कागद पहिल्यांदा मीच आणला आणि ते सांगताना मला लाज वाटत नाही. गोड लिहिणं मात्र जमेल असं वाटत नाही. गेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलणार नाही, झालं तेवढं सांगणार आहे.

माझे बाबा सांगलीकडचे. अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात ते लेथ चालवायचे. मशिनांच्या आवाजानं त्यांचे कान लवकर गेले. डावा तर मी बालवाडीत असतानाच गेला होता. त्यामुळे आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलायचे. मीठ हवं असलं तरी ओरडायचं, ताप आला असला तरी ओरडून सांगायचा. शाळेत मला त्यावरून चिडवायचे. तमिळ मुलींच्या लेखी मी 'हिंदीकारी' होते, हिंदीचा आणि माझा काही संबंध नसताना. बँकेतल्या आणि संरक्षण कारखान्यातल्या साहेबांच्या मुली मराठी होत्या, पण त्यांच्या आया मला बघून म्हणायच्या, "हळू बोल गं बाळ, आम्ही इथंच आहोत." अशा मुलीला अक्कांच्या गच्चीवर कुणीतरी पहिल्यांदा सांगितलं की, अजून मोठ्यानं.

अक्का आमच्याच रस्त्यावर राहायच्या. त्यांचे यजमान रेल्वेत कारकून होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. वर गच्ची, गच्चीवर पाण्याची टाकी, टाकीशेजारी एक खोली, आणि त्या खोलीत अक्का आणि त्यांची श्रुतिपेटी. ही पेटी म्हणजे स्वर नसलेली बाजाची पेटी, भाता हलवला की एकच सूर धरून बसते. दर शनिवारी संध्याकाळी त्या गच्चीवर मुलांना गोळा करायच्या. शिकवणी नव्हती ती. कुणाला सा लावायला सांगितला नाही, कुणाला वही आणायला सांगितली नाही. त्यांची मराठी आमच्यासारखी नव्हती. 'मला'ऐवजी 'मज' म्हणायच्या, मधेच तमिळ यायची, आणि वाक्याचा शेवट असा वर चढायचा की प्रत्येक वाक्य प्रश्नासारखं वाटावं. मी पहिल्या दिवशी जिन्याच्या तोंडाशी उभी होते. म्हणाल्या, "काय गे कण्णा, तुज कोण बांधून ठेवलं तिथं?" कण्णा म्हणजे लाडानं 'बाळा'.

गाण्याआधी त्या आगगाडी करायच्या. सगळ्या मुलांनी टाकीभोवती एकामागे एक उभं राहायचं आणि पुढच्याच्या पाठीवर तळहात ठेवायचा, खांद्यांच्या मधोमध. इंजिन कोण, गार्डाचा डबा कोण, हे दर शनिवारी बदलायचं. मग श्रुतिपेटीचा भाता कुणीतरी हलवायचं आणि सगळ्यांनी तोंड मिटून गुणगुणायचं, तळहाताला पुढच्याचा आवाज लागेपर्यंत. लागतो तो. ज्यानं करून बघितलं नाही त्याला सांगून कळणार नाही. मांजराच्या अंगावर हात ठेवल्यावर कसं लागतं, तसं. तुमच्या हाताला पुढच्याचा आवाज, तुमच्या पाठीला मागच्याचा हात, आणि मधे तुम्ही... थोड्या वेळानं आपला कुठला नि दुसऱ्याचा कुठला हे कळेनासं व्हायचं. शेवटच्या मुलाच्या मागे कुणी नसायचं, म्हणून अक्का स्वतः जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवायच्या. "गार्डाचा डबा रिकामा जाऊ नये," म्हणायच्या.

आणि मग लॉरीचं गाणं. ती पाणीटंचाईची वर्षं होती. आमच्या रस्त्यावर पाण्याची लॉरी यायची आणि सगळ्या घरांतून प्लॅस्टिकच्या रंगीबेरंगी घागरी धावत सुटायच्या. अक्कांनी त्यावरच गाणं रचलं होतं. "लॉरी आली, लॉरी आली, हिरवी घागर पुढे गेली, पिवळी घागर रुसून बसली," असं ते पुढे पुढे जायचं, कडव्यागणिक वेग वाढायचा, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी शेपटाकडच्या मुलांनी बोंब ठोकायची, "आमचीही घागर भरा!" ती ओळ गायची नसायचीच, ओरडायचीच असायची. माझी बारी आली की मी अशी ओरडायचे की खालच्या इस्त्रीवाल्याची कबुतरं उडायची. अक्का भाता सोडून टाळ्या पिटायच्या. "सत्तमा, कण्णा, सत्तमा!" म्हणजे मोठ्यानं, अजून मोठ्यानं. एकदा मला जवळ घेऊन म्हणाल्या, "तुझ्या बाबाला ऐकू जावं म्हणून देवानं तुज हा गळा दिला. दुसऱ्या कुणाला देऊन काय उपयोग?" त्या वाक्यावर मी कित्येक महिने जगले. साहेबांच्या मुली, लेथवाल्याची मुलगी, कुणाची इंग्रजी शाळा, कुणाची सरकारी, ते त्या गच्चीवर कुणाच्या लक्षातच राहायचं नाही. गाडीला डब्याची जात ठाऊक नसते. मी आजवर नोकरी मिळवली, पगार मिळवला, पण तसं मोकळं मला पुन्हा कुठं वाटलेलं नाही.

मग स्पर्धा आली. टी. नगरमधल्या एका कल्याणमंडपात, म्हणजे मंगल कार्यालयात, मराठी मुलांच्या समूहगीतांची स्पर्धा होती. कुणाच्या तरी आईनं आमचं नाव दिलं. अक्का आधी हसल्या, "लॉरीचं गाणं स्पर्धेत?" पण आम्ही गेलो, ओरडलो, मजा केली आणि हरलो. परीक्षकांनी माइकवर सांगितलं की मुलं मनापासून गातात, पण मागून एकदोन आवाज फाटतात. बस, एवढंच. आम्हाला काही वाटलं नाही, आम्हाला समोसे मिळाले होते. परतीच्या गाडीत मात्र अक्का खिडकीबाहेर बघत बसल्या. जयंतीनं विचारलं, "अक्का, आपण पुढच्या वर्षी पण येऊ या?" त्या म्हणाल्या, "येऊ या. नीट येऊ या."

पुढच्या वर्षी स्पर्धा जवळ आली तेव्हा त्यांनी मला गच्चीवरून खोलीत बोलावलं. हातावर बोळी ठेवली, म्हणजे आपली पुरणपोळी, इथं नारळ घालून करतात. मी खात होते आणि त्या माझ्या वेणीची फीत सरळ करत होत्या. म्हणाल्या, "कण्णा, स्पर्धेपुरतं सत्तम नको. ओठ हलव. नुसते ओठ. तुज सगळे शब्द येतात, कुणाला कळायचं नाही." मी म्हटलं, "आणि घागर भरा?" त्या म्हणाल्या, "ते पण ओठांनीच. आणि हे तुझ्या-माझ्यात हां, दुसऱ्या कुणाला नको." बोळी अर्धी हातात होती. ती मी खाल्ली. टाकायची नसते म्हणून खाल्ली.

त्या स्पर्धेला बाबा आले. कारखान्यातून अर्धी सुट्टी टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून, पहिल्या रांगेच्या अगदी कडेच्या खुर्चीवर उजवा कान पुढे करून बसले. मी मागच्या ओळीत उभी होते. गाणं सुरू झालं आणि मी तोंड उघडलं, मिटलं, उघडलं, मिटलं. आमची ओळ आली तेव्हा मी हातसुद्धा वर केले. माझ्या चारी बाजूंनी ते गाणं चाललं होतं आणि मी मासा होते... आम्ही जिंकलो. बाहेर आल्यावर बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. ते ओरडून म्हणाले, आमच्या घरात सगळं ओरडूनच, "मंगल, एवढ्या पोरांत तुझाच आवाज मोठा होता बघ! मला सरळ ऐकू आला! एक नंबर!" जवळच अक्का चषक घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हो की. तिचा गळाच तसा आहे."

मला ओठ हलवायला सांगितलं ते मी कधीतरी विसरलेही असते. लहान मुलांना काय काय सांगतात. पण ते 'हो की' मला आजही विसरता येत नाही. बाबांना फसवलं कुणी, तर आम्ही दोघींनी मिळून, आणि मला त्यात कुणी विचारून घेतलं नव्हतं.

'स्पर्धेपुरतं' म्हणाल्या होत्या, पण एकीमागे दुसरी स्पर्धा येत गेली. अक्कांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात आधी स्टीलचे पेले असायचे, आम्हाला ताक द्यायचे. ते निघाले आणि तिथं चषक आले. ताक प्लॅस्टिकच्या ग्लासातून मिळायला लागलं. आगगाडी अजून व्हायची, पण डबे बदलेनासे झाले. गोड गळ्याची मुलं पुढे, श्रुतिपेटीजवळ. मी शेवटून दुसरी, आणि माझ्या मागे जयंती, गार्डाचा डबा. अक्का आता पुढेच उभ्या राहायच्या, शेवटाकडे येत नसत. माझ्या तळहाताला पुढच्या मुलीचा आवाज लागायचा आणि मी ओठ हलवत राहायचे. सोडून का दिलं नाही, असं कुणी विचारेल. सोडलं असतं तर बाबांना कारण सांगावं लागलं असतं. ते कारखान्यात, चहाच्या टपरीवर, गावी गेलं की भावकीत सांगत सुटले होते, आमची मंगल गाते. शेवटी दहावीच्या शिकवणीचं निमित्त मिळालं आणि मी सुटले. त्यानंतर गायले नाही. कॉलेजात सहलीच्या बसमध्ये सगळे गायचे तेव्हा मी ओठ हलवायचे. त्यात मी तरबेज आहे. तिथं कुणाला कधी कळलं नाही.

पदवी मिळाली तेव्हा आईनं पेढे देऊन मला अक्कांकडे पाठवलं. जिना चढताना ठरवलं होतं, आज विचारायचं. आता मी कुणाची मिंधी नव्हते, माझ्या हातात माझा निकाल होता. अक्का पलंगावर बसल्या होत्या, फार बारीक झाल्या होत्या. पेढा तोंडात घातला, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "कोण म्हणेल ही ती पोर? काय गे, गातेस की नाही अजून? तुझ्यासारखं सत्तम माझ्या गच्चीवर दुसऱ्या कुणाचं नव्हतं. तू ओरडलीस की कबुतरं उडायची!" मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. खोटं बोलत नव्हत्या त्या. त्यांना खरंच आठवत नव्हतं. कबुतरं आठवत होती, बोळी नाही. मी म्हटलं, "वेळ मिळत नाही अक्का." त्या म्हणाल्या, "वेळ कशाला लागतो?" ... आणि मी जिना उतरून आले. ती शेवटची भेट.

तेराव्याला गच्चीवर मांडव घातला होता. बाबांना सोबत नेलं होतं, ते जेवून खाली ओट्यावर जाऊन बसले. जुनी मुलं बरीच आली होती. कुणी इंजिनियर झालेलं, कुणी बँकेत, एकीच्या कडेवर बाळ. पानं उठल्यावर कुणीतरी म्हणालंच, "आगगाडी करू या ना, अक्कांसाठी." सगळे उठले. कुणी सांगितलं नाही, तरी प्रत्येकजण आपापल्या जागी जाऊन उभा राहिला. माझेही पाय मला टाकीमागे, शेवटून दुसऱ्या जागी घेऊन गेले. पाठीवर जयंतीचा हात पडला. पुढे गाणं सुरू झालं, लॉरी आली, लॉरी आली, आणि मी ओठ हलवायला लागले. ठरवून नाही. तोंडाला तेवढंच येत होतं. "आमचीही घागर भरा" आलं, तेव्हा पुढून चार गोड गळे उठले आणि शेपटाकडे, जिथून ती बोंब यायला हवी, तिथं काहीच झालं नाही. जयंती माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "अजून पण?"

मंडळी पांगल्यावर तिला अक्कांच्या खोलीत गाठलं. विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"तुझ्या पाठीवर हात असायचा डी माझा. इतकी वर्षं. रिकामी लागायची."

"मग एका शब्दानं बोलली नाहीस? मला वाटत होतं कुणालाच माहीत नाही. रडत होते मी घरी जाऊन. तू रोज शाळेत माझ्या डब्यातलं खायचीस आणि..."

"काय बोलू? तुझ्या-माझ्यात, असं तिनं मला पण सांगितलं होतं." जयंती श्रुतिपेटीवरची धूळ पदरानं पुसत होती. "मला पण बोळीच दिली. तू निदान मागं कोणीतरी आहे असं समजून ओठ हलवत होतीस. माझ्या मागं कोण होतं? तिच्या घरची नात मी. शेवटच्या डब्यावर हात ठेवायला ती कधी आली पण नाही."

मी तिथंच चटईवर बसले. इतकी वर्षं हे दुःख मी माझं एकटीचं म्हणून सांभाळलं होतं, खरं सांगते, थोडं मिरवलंही होतं मनातल्या मनात. आणि ते माझ्याच पाठीला हात लावून उभं होतं. आम्हाला एकमेकींचा आवाज ऐकायला शिकवणाऱ्या बाईनंच आम्हाला एकमेकींपासून लपवायला शिकवलं. मला तेव्हा अक्कांचा जेवढा राग आला तेवढा बोळीच्या दिवशीही आला नव्हता. कपाटात चषक होते, समोर त्यांचा हार घातलेला फोटो होता, त्या हसत होत्या. भांडायला समोर माणूस नव्हतं.

मग मी उठले, जयंतीच्या मागे जाऊन उभी राहिले आणि तिच्या पाठीवर तळहात ठेवला. "म्हण," म्हटलं. ती म्हणाली, "वेड लागलं काय? बाहेर माणसं आहेत." मी म्हटलं, "म्हण डी." तिनं पेटीचा भाता हलवला. आधी नुसती हवा सुटली. मग सूर धरला. जयंती खाकरली, आणि माझ्या तळहाताला ते लागलं. इतकं जाड, घोगरं, वाकडं, की मला हसू आलं आणि ती पण हसायला लागली. "बघितलंस ना? म्हणून सांगितलं तिनं!" ती म्हणाली. मग आम्ही दोघींनी मिळून ती ओळ ओरडली, एकदा नाही, पुष्कळदा, अक्कांच्या फोटोकडे बघून. जयंतीची आई धावत आली आणि दारातच थांबली.

खाली आले तेव्हा माझा घसा जळत होता. बाबा ओट्यावर बसून होते. मी विचारलं, "ऐकलं का बाबा?" दोनदा ओरडून विचारलं तेव्हा त्यांना कळलं. "नाही गं. गायलात काय तुम्ही? आता काहीच येत नाही बघ कानावर." मग म्हणाले, "त्या हॉलात तुझं किती सरळ ऐकू आलं होतं..."

अक्कांना मी माफ केलेलं नाही. गेल्या माणसाला माफ करायचं म्हणजे आपलंच आपल्याशी बोलणं, त्यातून काही होत नाही. पण त्यांची एक सवय माझ्या घरी येऊन राहिली आहे, ती मी घालवू शकत नाही. गेल्या शनिवारी संध्याकाळी बाबा खुर्चीवर बसले होते. मी त्यांच्या पुढ्यात पाठ करून खाली बसले, त्यांचा हात ओढून घेतला आणि खांद्यांच्या मधोमध ठेवला. लेथवर काम करून त्या तळहाताला घट्टे पडले आहेत, मला वाटलं त्यातून काय जाणार. "हे काय करतीस?" ते म्हणाले. मी तोंड मिटून गुणगुणले, मग तोंड उघडलं, आणि लॉरी आली, हिरवी घागर, पिवळी घागर, सगळं म्हटलं. शेवटची ओळ जशी ओरडायची तशीच ओरडले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. बाबांचा हात पाठीवर एकदम घट्ट झाला.

"जरा फाटतोय गं," बाबा म्हणाले. हात मात्र काढला नाही.